वाडी, नमस्कार आणि हक्क : लहान कारखान्यातील कामगारकल्याणाचा एक वाङ्मयीन इतिहास

१.

'कल्याण' हा शब्द मराठीत आशीर्वादाच्या वाटेने आला. वडीलधाऱ्याने 'कल्याण असो' म्हणावे आणि धाकट्याने वाकावे, हा त्याचा मूळचा प्रसंग. विसाव्या शतकात 'कामगार कल्याण' या जोडशब्दातून तो कायद्याच्या आणि कचेरीच्या भाषेत रुळला; तरी कोणीतरी देणारा आणि कोणीतरी घेणारा ही त्याची जुनी रचना पुरती पुसली गेली नाही. 'हक्क' या शब्दाला असा दाता लागत नाही. कामगाराच्या आरोग्याविषयी आणि स्वास्थ्याविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले गेले, ते या दोन शब्दांमधल्या अंतरात वावरते.

मोठ्या गिरण्यांच्या बाबतीत हे अंतर कामगारांच्या संघटनांनी आणि संपांनी बरेच कमी केले. त्याचे पडसाद साहित्यातही उमटले. मामा वरेरकरांचे 'सोन्याचा कळस' हे नाटक (१९३२) आणि 'धावता धोटा' ही कादंबरी (१९३३) यांत गिरणी कामगाराला मध्यवर्ती स्थान मिळाले; पुढे नारायण सुर्वे यांच्या कवितेत तो स्वतःच्या आवाजात बोलू लागला. पंचवीस-तीस माणसांच्या कारखान्याला मात्र असे साहित्य फारसे लाभले नाही. तेथे संप क्वचित होतो, मालक प्रत्येकाला नावाने ओळखतो, आणि कामगाराच्या आजारपणाचा प्रश्न व्यवस्थेचा न राहता नात्याचा होतो. लहान उद्योगातील कामगारकल्याणाचा इतिहास शोधताना म्हणूनच कायद्याच्या कागदांइतकेच शब्दांकडे, स्थलनामांकडे आणि नियतकालिकांकडे पाहावे लागते. या दृष्टीने किर्लोस्करवाडी हे उदाहरण विशेष अर्थपूर्ण ठरते. तेथे एका लहान कारखान्याने कामगारांना घरे दिली आणि त्याच कारखान्याच्या वृत्तपत्रिकेतून मराठीतील एक महत्त्वाचे मासिक जन्माला आले.

२.

कारखानाविषयक कायद्याचा भारतातील इतिहास हा एका अर्थाने आकड्यांचा इतिहास आहे. १८८१ चा पहिला कायदा यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि १०० वा त्याहून अधिक माणसे कामावर असणाऱ्या कारखान्यांपुरता होता. १८९१ मध्ये ही मर्यादा ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने ती शक्तिचलित कारखान्यासाठी १० आणि इतरांसाठी २० केली. त्याच कायद्यात कल्याणाच्या सोयींसाठी आकड्यांची आणखी एक उतरंड होती : १५० हून अधिक कामगार असतील तर विश्रांतिगृह, २५० हून अधिक असतील तर उपाहारगृह, ५०० हून अधिक असतील तर रुग्णोपचार कक्ष, आणि ५०० पासून कल्याण अधिकारी.

या उतरंडीचा अर्थ सरळ आहे. दहाव्या माणसाच्या आगमनाने कारखाना कायद्याच्या दृष्टीस पडतो. नवव्या माणसापर्यंत तो जवळजवळ अदृश्य असतो. यंत्रात सापडणारा हात नऊ माणसांच्या कारखान्यातही तितकाच असतो, आणि धुळीने भरणारी छातीही. कायद्याने मोजणीचे एकक माणसांची संख्या हे ठरवले, आणि जेथे संख्या अपुरी पडली तेथली जागा मालकाच्या स्वभावावर सोडली. लहान उद्योगातील कामगारकल्याण ही दीर्घकाळ मालकाच्या चरित्राची गोष्ट राहिली, याचे कारण या रचनेत आहे.

३.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. रंगांधत्वामुळे तो मार्ग सुटला आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेला त्यांचा व्यवसाय कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांच्यापर्यंत पोहोचला. शहराच्या विस्तारासाठी नगरपालिकेला जागा हवी झाली, तेव्हा कारखाना हलवणे भाग पडले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. निवडुंग माजलेल्या आणि सापांचा वावर असलेल्या त्या माळावर १९१० मध्ये सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांची वसाहत उभी राहिली.

येथे दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. औंध हे संस्थान असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा कारखाना कायदा तेथे लागू नव्हता. तो लागू असता तरी १८९१ च्या कायद्याच्या ५० या सर्वसाधारण मर्यादेखाली २५ माणसांचा कारखाना सुटलाच असता. किर्लोस्करवाडी अशा रीतीने कायद्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर होती. तेथे जी घरे बांधली गेली, पाण्याची आणि शाळेची जी सोय झाली, पहारेकऱ्यांच्या कामावर शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमण्याचे आणि वसाहतीत अस्पृश्यतेला थारा न देण्याचे जे धोरण राबवले गेले, त्यांपैकी कशाचीही सक्ती कोणी केलेली नव्हती. उजाड माळावर कारखाना काढणाऱ्याला कामगार टिकवायचे तर घरे बांधावीच लागतात, हे व्यावहारिक कारण त्यात होतेच. परंतु गुन्ह्याचा शिक्का बसलेल्या माणसाच्या हाती रात्रीचा पहारा सोपवणे ही व्यवहाराने सुचवलेली गोष्ट नव्हे. माणूस विश्वासाने सुधारतो, ही त्यामागची नैतिक धारणा होती.

या वसाहतीच्या नावाचाही विचार करावा लागतो. 'वाडी' म्हणजे मुख्य गावापासून सुटी असलेली, बहुधा एका कुळाची किंवा एका आडनावाची छोटी वस्ती. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्याच हद्दीत ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला, 'प्रभाकर' कंदिलामुळे तो घराघरांत पोहोचला, आणि तेथील वस्ती 'ओगलेवाडी' झाली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वसाहत वाढली तेव्हा तिचे नाव 'वालचंदनगर' पडले. वाडीचे नगर होणे हा केवळ आकाराचा फरक नाही. वाडीत मालक हा घरातला वडील असतो, नगरात तो संस्थापक असतो. वाडीतल्या कल्याणाला नात्याची भाषा आहे. तिच्यात आजारी कामगाराची चौकशी अर्जाशिवाय होते. परंतु तक्रार करायची तर ती वडिलांविरुद्धच करावी लागते, आणि त्यासाठी त्या भाषेत शब्द नसतो.

४.

याच काळातील अन्य प्रयोग शेजारी ठेवले की वाडीचे वेगळेपण उठून दिसते. बर्मिंगहॅमजवळ कॅडबरी कुटुंबाने १८७९ मध्ये आपला कारखाना बोर्नव्हिल येथे हलवला; पुढे तेथे बागांसह घरे बांधली गेली आणि तरुण कामगारांना कामाच्या वेळात शारीरिक शिक्षण दिले जाऊ लागले. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत आणि १९२० मध्ये पगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी. बोर्नव्हिलमागे क्वेकर पंथाची सदाचाराची कल्पना होती. जमशेदपूरने सिडनी आणि बिअॅट्रिस वेब या इंग्रज समाजचिंतक दांपत्याचा सल्ला घेतला. दोन्ही ठिकाणी भांडवल मोठे होते आणि कल्याण हा संस्थेचा स्वतंत्र विभाग होता. किर्लोस्करवाडीत असा विभाग काढण्याइतकी माणसेच प्रारंभी नव्हती. तेथे विभागाचे काम ओळखीने केले.

बोर्नव्हिलच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. कामगारांच्या स्वास्थ्याविषयी इतकी दक्ष असलेली ही कंपनी जो कोको विकत घेत होती, त्यातला मोठा भाग साओ तोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवर गुलामीसदृश श्रमातून येत होता. कंपनीच्या कानी हे १९०१ मध्ये आले आणि तिने तेथील खरेदी थांबवली ती १९०९ मध्ये. कल्याणाच्या प्रत्येक वसाहतीला कुंपण असते, आणि कुंपणाबाहेरच्या माणसाचे काय, हा प्रश्न त्या वसाहतीच्या भाषेत सहज विचारता येत नाही.

५.

किर्लोस्करवाडीला ज्या संस्थानाने जागा दिली, त्याच संस्थानात स्वास्थ्याची एक निराळी भाषा घडत होती. चित्रकार आणि कीर्तनकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी (१८६८–१९५१) सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले. औंधच्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली. लुईस मॉर्गन या पत्रकर्तीने संपादित केलेले त्यांचे 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक १९३८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. संस्थानच्या शाळेतील व्यायाम अशा रीतीने इंग्रज वाचकाच्या दिवाणखान्यात पोहोचला.

सूर्यनमस्काराचे सामाजिक वैशिष्ट्य त्याच्या स्वस्तपणात आहे. त्याला साधन लागत नाही, आखाडा लागत नाही, जोडीदार लागत नाही; माणसाच्या उंचीइतकी जागा पुरते. राजाने घातला तरी नमस्कार तोच आणि रंकाने घातला तरी तोच. या समतेचे आकर्षण मोठे होते आणि ते खोटे नव्हते. तथापि या भाषेत आरोग्य हे व्रत होते. व्रत करणारा आणि व्रतभंगाचा दोषी एकच असतो. अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या, कमी खाणाऱ्या, भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाची प्रकृती बिघडली तर या भाषेत त्याला विचारता येतो तो एकच प्रश्न : नमस्कार चुकले का?

एकाच छोट्या संस्थानात, एकाच राजाच्या आश्रयाने, स्वास्थ्याच्या दोन कल्पना शेजारी-शेजारी वाढल्या. वाडीच्या कल्पनेत कामगाराचे आरोग्य घर, पाणी आणि शेजार यांवर अवलंबून होते आणि त्यांचा खर्च मालक करत होता. नमस्काराच्या कल्पनेत आरोग्य शरीराच्या शिस्तीवर अवलंबून होते आणि तिचा खर्च, वेळेच्या आणि घामाच्या रूपाने, ज्याचे शरीर तोच करत होता. दोन्ही कल्पना सद्भावनेतून आल्या होत्या. दोहोंतही कामगाराने काही मागण्याची सोय नव्हती.

६.

१९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५). कारखान्याचे स्वतःचे वृत्तपत्र हा प्रकार तोवर इंग्लंडमध्ये स्थिरावला होता. पोर्ट सनलाइटच्या साबण कारखान्याचे 'प्रोग्रेस' १८९९ पासून आणि बोर्नव्हिलचे 'बोर्नव्हिल वर्क्स मॅगझिन' १९०२ पासून निघत होते. अशा पत्रांचे काम ठरलेले असे : कारखान्याच्या बातम्या द्याव्या, खेळांचे निकाल छापावे, निवृत्त होणाऱ्याचा गौरव करावा, आणि सगळ्यांना आपण एका कुटुंबातले आहोत असे वाटू द्यावे.

'खबर'पुढे पहिल्यापासून आणखी एक काम होते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकले जाण्यास काही काळ जावा लागला होता. ज्या उद्योगाचा माल विकण्यासाठी आधी एक समजूत दूर करावी लागते, त्या उद्योगाच्या पत्राला बातमी देऊन थांबता येत नाही. त्याला पटवावे लागते. पटवण्याची ही सवय नांगरापुरती मर्यादित राहिली नाही. मासिकाच्या नावातून 'खबर' गळाले, 'किर्लोस्कर' उरले, आणि रूढी, धर्म, विज्ञान, विवाह, व्यवसाय हे त्याचे विषय झाले. १९३० च्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात प्रसिद्ध झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे निघाली. रेल्वेच्या आडवाटेच्या स्थानकाशेजारी छापली जाणारी ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घडणीचा भाग झाली.

वाङ्मयीन इतिहासात हे परिवर्तन 'किर्लोस्कर'च्या यशाची कथा म्हणून सांगितले जाते, आणि ते यश निर्विवाद आहे. कामगारकल्याणाच्या बाजूने पाहिले तर त्याच कथेचा दुसरा पदर दिसतो. पत्र जसजसे मोठे होत गेले, तसतसा त्याचा वाचक कारखान्याच्या फाटकाबाहेर सरकला. पुण्या-मुंबईची, नागपूरची, इंदूर-बडोद्याची शिकलेली कुटुंबे हा त्याचा वाचकवर्ग झाला. बोर्नव्हिलचे पत्र कामगारांपाशी राहिले आणि त्यामुळे साहित्याच्या इतिहासात आले नाही; किर्लोस्करवाडीचे पत्र साहित्याच्या इतिहासात आले, ते ओतशाळेतल्या माणसाचा हात सोडून. गृहपत्र आणि वाङ्मयीन मासिक या दोन प्रकारांतील हा व्यवहार तौलनिक अभ्यासात नोंदवण्याजोगा आहे, कारण प्रकाराचे रूपांतर झाले की वाचकाबरोबर हिताची कल्पनाही बदलते. 'किर्लोस्कर'ने ज्या स्वास्थ्याचा पुरस्कार केला ते मनाचे स्वास्थ्य होते : भीतीपासून, कर्मकांडापासून, परावलंबनापासून सुटका. त्याची गरज ओतशाळेतल्या माणसालाही होती. परंतु धुराड्याची उंची, पाळीचे तास आणि आजारपणातले वेतन यांविषयी बोलायला तो शब्दसंग्रह पुरेसा नव्हता.

७.

१९४८ हे वर्ष या इतिहासात सांध्यासारखे आहे. गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि उद्योगांवर जे हल्ले झाले, त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. या हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही, आणि वाडीच्या धोरणांत तिचे कारण शोधणे अन्यायाचे होईल. तिची मुळे जातिव्यवस्थेच्या दीर्घ इतिहासात होती. तरी एवढे खरे की, कुंपणाच्या आत चार दशके जपलेला विश्वास कुंपणाबाहेर आपोआप पसरत नाही, हे त्या आगीत दिसले.

त्याच वर्षी ८ मार्चला औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी कारखाना कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाले. कारखाना कायदा १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला, आणि विमा योजनेला २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथून प्रारंभ झाला. ज्या गोष्टी वाडीत देणगी म्हणून आल्या होत्या, त्यांतल्या काही आता कलम आणि उपकलम होऊन आल्या. पाण्याचा नळ मालकाच्या चांगुलपणाचा पुरावा राहिला नाही. तो नसणे हा अपराध ठरला. भाषेच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. कामगाराला आता कृतज्ञ न राहताही निरोगी राहता येणार होते.

हा बदल आकड्यांच्या वर घडला. आकड्यांच्या खाली काय झाले, ते विडी उद्योगात पाहता येते. सिन्नर, सोलापूर, निपाणी, जबलपूर, मुर्शिदाबाद अशा दूरदूरच्या ठिकाणी विडी बहुतांशी घरात वळली जाते, आणि वळणाऱ्यांत बायका फार मोठ्या संख्येने असतात. येथे कारखाना म्हणजे उंबऱ्याआतली सुपाभर जागा. माणसे मोजण्याचे एकक येथे निकामी होते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने राहत्या घरातील कामाची दखल घेतली, आणि १९७६ च्या कायद्यांनी विडी उद्योगावर उपकर बसवून कल्याण निधी उभारला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीस साहाय्य या निधीतून होऊ लागले. कायद्याने माणसांऐवजी विड्या मोजल्या, आणि त्यामुळे जी बाई कोणत्याही हजेरीपटावर नव्हती ती कल्याणाच्या कक्षेत येऊ शकली. लहान उद्योगासाठी शोधलेली ही सर्वांत कल्पक युक्ती म्हणावी लागेल. वस्तू व सेवा कर आला त्या वर्षी, २०१७ मध्ये, हा उपकर रद्द झाला.

महाराष्ट्रात १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून ललित कला भवने, वाचनालये आणि कामगार नाट्यस्पर्धा उभ्या राहिल्या. या निधीच्या घटकांत कामगारांकडून वसूल झालेले दंड आणि कोणी न उचललेले वेतन यांचा समावेश होता. उशिरा आल्याबद्दल कापलेल्या पैशांतून रंगमंचावरचा दिवा लागावा, यात विरोधाभास आहे. परंतु तो पैसा कामगाराचाच होता, म्हणून त्या दिव्यासाठी आभार मानायचे कारण नव्हते.

८.

या इतिहासाचा धागा वर्तमानापर्यंत येतो. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा तिने घेतली. तिच्यात उपाहारगृहाची मर्यादा २५० वरून १०० वर आणि कल्याण अधिकाऱ्याची ५०० वरून २५० वर आली. मात्र 'कारखाना' या संज्ञेची मर्यादा १० व २० वरून २० व ४० झाली. मोठ्या आणि मध्यम उद्योगातील कामगाराला काही मिळाले. पंधरा माणसांचा यंत्रचलित कारखाना 'कारखाना' या शब्दातूनच बाहेर पडला. संहितेच्या सर्वसाधारण तरतुदी १० कामगारांच्या आस्थापनेला लागू आहेत, हे खरे. तरी १८८१ पासून सातत्याने खाली येत गेलेला आकडा वर चढला, ही घटना इतिहासकाराच्या नजरेतून सुटणारी नाही.

याच काळात आयुष मंत्रालयाने कामाच्या ठिकाणी करायच्या पाच मिनिटांच्या योगविरामाचा, म्हणजे 'वाय-ब्रेक'चा, उपक्रम २०२० मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केला आणि २०२१ मध्ये त्याचे मोबाइल अॅप काढले. 'कामगार कल्याण' हा शब्द मागे पडून 'वेलनेस' हा शब्द लहानमोठ्या आस्थापनांत रुळू लागला आहे. औंधचा इतिहास ठाऊक असलेल्याला यात नवे वाटावे असे थोडे आहे. साधन न लागणारा, जागा न लागणारा, मालकाला पाच मिनिटांपलीकडे खर्च न पडणारा हा उपाय बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या नमस्काराचाच वंशज आहे. ताठरलेल्या मानेला त्याने आराम पडतो, यात शंका नाही. मान का ताठरली, हे मात्र तो विचारत नाही.

किर्लोस्करवाडीच्या इतिहासातून दोन सोपे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : एक म्हणजे मालकाचे मन मोठे असले की कायदा लागत नाही, आणि दुसरा म्हणजे मालकाचे मोठे मन हे केवळ सोंग असते. दोन्ही चुकीचे आहेत. २५ कुटुंबांना मिळालेली घरे खरी होती आणि शिक्षा भोगून आलेल्या पहारेकऱ्यावर टाकलेला विश्वासही खरा होता. उणीव होती ती भाषेत. वाडीच्या भाषेत घेणाऱ्याला मागता येत नव्हते, नमस्काराच्या भाषेत थकणाऱ्याला विचारता येत नव्हते, आणि कायद्याच्या भाषेत दहाच्या आतला माणूस मोजता येत नव्हता. विडी कामगारांच्या कायद्याने ही शेवटची अडचण काही काळ ओलांडून दाखवली, म्हणजे ती ओलांडता येते.

'स्त्री'चे संपादकपद सांभाळलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या गृहपत्रातून निघालेली ही शाखा एव्हाना मूळ उद्योगापासून पुरती सुटी झाली होती, आणि ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांनीच मिळून बोलावे, हे तिच्या नावातच होते. लहान कारखान्यातील कामगाराला असे नाव असलेले पत्र मराठीत अजून मिळायचे आहे. जोवर ते मिळत नाही, तोवर त्याच्या स्वास्थ्याचा इतिहास इतरांच्या चरित्रांतून आणि कायद्याच्या आकड्यांमधल्या फटींतूनच वाचावा लागेल.